मे महिन्यात या!

वर्ध्याला यायचा उत्तम ऋतू कोणता, हा प्रश्न मला वर्षातून निदान दहा वेळा विचारला जातो आणि दहाही वेळा मी एकच उत्तर देतो. मे महिना! उत्तर ऐकून समोरचा माणूस आधी हसतो. मी हसत नाही असं पाहिल्यावर तो गंभीर होतो. आणि मग "बरं, बघतो," असं म्हणून विषय मुलांच्या परीक्षांवर नेतो. एकदा तर पुण्याच्या साडूंनी आमच्या हिला वेगळा फोन करून विचारलं, "आम्ही येऊ नये असं काही आहे का?" तसं काही नाही. पाहुणा यावा, पोटभर जेवावा, चार दिवस राहावा, हीच आमची इच्छा. पण आलाच तर त्यानं गाव पाहून जावं, गावाचा लग्नातला फोटो पाहून जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ते आज मी जाहीरपणे मांडणार आहे.

प्रवासाची कुठलीही पुस्तिका उघडा. त्यात वर्धा, सेवाग्राम, पवनार ही नावं सापडली, की खाली एक ठरलेली ओळ असते : 'भेट देण्यास योग्य काळ – ऑक्टोबर ते मार्च.' जणू एप्रिल ते सप्टेंबर आमचा जिल्हा दाराला कुलूप घालून मामाच्या गावाला गेलेला असतो! अहो, आम्ही इथंच असतो. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर, सगळी जागच्या जागी असतात. ज्या गावात माणसं बारा महिने राहतात, त्या गावाला सहा महिने 'अयोग्य' ठरवायचा अधिकार या पुस्तिकावाल्यांना दिला कुणी? माणसाबद्दल कुणी असं लिहितं का? 'श्री. अमुक अमुक : भेटण्यास योग्य वेळ, पगाराच्या दिवशी, जेवण झाल्यावर.'

हा सगळा विचार मला सुचला तो आमच्या भाच्यामुळे. तो टोकियोला जायचं म्हणत होता. आता टोकियोला जाणारा माणूस पासपोर्ट काढील, पैसे जमवील, असं आपल्याला वाटतं. हा सहा महिने नुसता ऋतू निवडत बसला होता. मला रोज नवी माहिती. "मामा, मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा. साकुरा फुलतो."

"मग जा की तेव्हा."

"पण नेमका कधी फुलेल ते सांगता येत नाही ना! फुलला की आठवड्याभरात पूर्ण बहर, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं गळून जातं. शिवाय तेव्हा सगळं जग तिथं लोटतं. जूनमध्ये पावसाळा, ऑगस्टमध्ये घामाच्या धारा, सप्टेंबरात वादळं. नोव्हेंबरात पानं लाल-पिवळी होतात, ते एक बरं."

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला फार आवडली. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात चेरीचं एक ठरलेलं झाड आहे. सरकारी हवामान खात्याची माणसं तिथं जातात, मान वर करून फुलं मोजतात, आणि त्या एका झाडावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत वसंत आल्याचं जाहीर करतात. भोवती वार्ताहर, कॅमेरे. क्योटो शहरात तर या बहराच्या नोंदी बाराशे वर्षं मागे जातात. २०२१ साली तिथं २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, तेव्हा इतक्या शतकांत इतका लवकर तो कधी आला नव्हता, असं त्या जुन्या नोंदींवरूनच शास्त्रज्ञांना सांगता आलं. पृथ्वी तापते आहे याचा दाखला म्हणून आज त्या नोंदी जगभर वापरतात.

याला म्हणतात ऋतूची चाड! जपानी माणूस विचारतो, 'झाड कधी फुलेल?' आणि त्याप्रमाणे स्वतः हलतो. आपला माणूस विचारतो, 'मला घाम कधी येणार नाही?' आणि त्याप्रमाणे गावानं हलावं अशी अपेक्षा करतो. दोन्ही प्रश्न ऋतूचेच. पण पहिल्यात झाड आहे आणि दुसऱ्यात नुसता बनियन आहे.

आता हिवाळी पाहुणा काय पाहतो ते पाहा. तो डिसेंबरात येतो. सेवाग्राम एक्स्प्रेसनं आला, तर कधी कधी सेवाग्राम स्टेशनवरच उतरतो आणि फलाटावर आश्रम शोधतो. ते स्टेशन म्हणजे पूर्वीचं वर्धा पूर्व, आश्रम तिथून काही किलोमीटर लांब आहे, हे त्याला रिक्षावाला सांगतो. मग तासाभरात बापूकुटी, अर्ध्या तासात गीताई मंदिर आणि शेजारचा विश्वशांती स्तूप, पवनारला धाम नदीच्या काठी दोन फोटो, परत येताना गोरसपाकाचे चार डबे. संध्याकाळी अंगावर शाल घेऊन आमच्या अंगणात बसतो, हुरडा खातो आणि म्हणतो, "काय छान हवा आहे हो तुमच्याकडे! लोक उगीच विदर्भाला नावं ठेवतात!"

या वाक्यानं माझं डोकं फिरतं. अरे गृहस्था, ही हवा आमची नाही. ती उत्तरेकडून दोन महिन्यांसाठी पाहुणी आलेली आहे, तुझ्यासारखीच. आमची हवा तू पाहिलीच नाहीस.

बरं, मोठी माणसं इथं कोणत्या ऋतूत आली ते तरी पाहू. विनोबा वर्ध्याला आले ८ एप्रिल १९२१ रोजी. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना इथला आश्रम चालवायला पाठवलं. 'बापू, जरा दिवाळीनंतर जातो,' असं ते म्हणाल्याची नोंद नाही. आणि स्वतः गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले ३० एप्रिल १९३६ रोजी. वय सहासष्ट. मीराबेन तिथं आधीपासून राहत होत्या. रस्ता धड नाही, वीज नाही, गाव विंचू-सापांचं आणि हिवतापाचं. तरी तारीख बघा. एप्रिलची तीस! आमच्याकडे त्या दिवशी कावळासुद्धा सावली सोडून बसत नाही. पुढं १९४० साली या शेगावचं नाव सेवाग्राम झालं, कारण टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं होतं. म्हणजे नाव बदललं ते पत्रांच्या सोयीसाठी. माणसांच्या सोयीसाठी हवामान बदलण्याची सूचना त्या काळी कुणी केलेली दिसत नाही.

हे ऐकलं की आमच्या शेजारचे निवृत्त इतिहासमास्तर घसा खाकरतात. "अहो, पण त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजी नंदी हिल्सला गेले होते. थंड हवेच्या ठिकाणी!"

गेले होते. मास्तरांचा इतिहास पक्का आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रक्तदाबानं गांधीजींची प्रकृती ढासळलेली होती, म्हणून ते विश्रांतीला गेले, आणि जूनमध्ये परत येऊन त्याच शेगावात राहिले. आजारी माणसानं थंड हवेत जावं, याला माझी केव्हाच हरकत नाही. माझी हरकत आहे ती ठणठणीत माणसांना. ज्यांना दोन जिने चढून क्रिकेटचा सामना बघायला भर दुपारी जाता येतं, पण वर्ध्याचं नाव काढलं की एकदम रक्तदाब होतो, त्यांना.

शिवाय बापूकुटी म्हणजे काय, हे हिवाळ्यात कळतच नाही. डिसेंबरात तुम्ही आत जाता, मातीच्या भिंती बघता, बांबू बघता, मीराबेननी भिंतीवर उठवलेली ताडाची झाडं बघता, आणि 'काय साधी राहणी!' असा सुस्कारा टाकून बाहेर येता. साधी राहणी खरीच. पण ती कुटी नुसती साधी नाही, ती हुशार आहे. आणि तिची हुशारी बघायची तर मे महिन्यात दुपारी दीड वाजता बघायला हवी. बाहेर पारा ४५ च्या पुढं गेलेला. मोटारीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी त्या खाली उतरलेल्या छपराखालून वाकून आत शिरा. जाड मातीची भिंत ऊन आत यायला वेळ लावते. वरच्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पडवी ऊन भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. खाली शेणानं सारवलेली जमीन. तुम्ही मांडी घालून बसता आणि पाच मिनिटांनी लक्षात येतं की आपण पंखा शोधत नाही आहोत. हा अनुभव कुठल्याही पुस्तिकेत मिळत नाही.

इव्हान इलिच नावाचे मोठे विचारवंत १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आले होते. ते या कुटीत बसून राहिले आणि नंतर सभेत कुटीवर फार सुरेख बोलले. माणसाला किती जागा लागते, सोयींचा पसारा वाढला की माणूस कसा दुबळा होतो, वगैरे. ते भाषण जगभर वाचलं गेलं. माझी एकच तक्रार आहे. गृहस्थ जानेवारीत आला! जानेवारीत बसून त्याला इतकं सुचलं. मे महिन्यात बसला असता तर मातीच्या भिंतीवर आणखी पन्नास पानं लिहून गेला असता, आणि कदाचित आमच्या नव्या वसाहतींतल्या सिमेंटच्या भट्ट्या बांधणाऱ्या कंत्राटदारांना थोडी लाज वाटली असती. आज आम्ही सपाट स्लॅबचं घर बांधतो, ते दिवसभर तापवतो, रात्रभर ते आम्हाला तापवतं, आणि मग त्याला थंड करायला यंत्र आणतो. आठ किलोमीटरवर उत्तर उभं आहे. आम्ही ते पाहुण्यांना दाखवायला नेतो, तेही डिसेंबरात.

इथवर गोष्ट हसण्यावारी नेता येईल. पण ऋतू निवडण्याची ही खोड फक्त माझ्या साडूंना असती तर मी हा लेख लिहिला नसता. ती सरकारलाही आहे.

इंग्रजांच्या अमदानीत मध्य प्रांताची राजधानी नागपूर. पण उन्हाळा आला की साहेब कागदपत्रं घेऊन पचमढीच्या डोंगरावर जात. ते परके होते, त्यांचं सोडा. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या खटपटीत २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात ठरलं की सरकारनं दर वर्षी काही काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथं भरवावं. करार मी वाचलेला आहे. त्यात 'हिवाळा' हा शब्द नाही! पण बहुतेक अधिवेशनं भरतात ती डिसेंबरात. संत्री पिकलेली, हवा गार, रात्री शेकोटी. मुंबईचे लोक आनंदानं येतात, सावजी रस्सा खातात, नाकातून पाणी काढतात आणि परत जातात. २०१८ साली एकदा पावसाळी अधिवेशन नागपुरात भरवलं, तर ६ जुलैच्या पावसानं विधानभवनाच्या विजेच्या व्यवस्थेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज थांबवावं लागलं. सगळीकडे काय हलकल्लोळ! आमच्याकडे खेड्यांत पावसाळ्यात दिवे जातात तेव्हा फक्त मेणबत्ती शोधतात. मला तर वाटलं, चला, एक दिवस तरी सरकारनं आमचा ऋतू आमच्यासारखा पाहिला.

आता जरा विचार करा. डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातलं शेत कसं दिसतं? कापूस फुटलेला. काळ्या जमिनीवर पांढरं शुभ्र चांदणं सांडल्यासारखं. तूर फुलोऱ्यात. विहिरीला पाणी. मोटारीच्या काचेतून बघणाऱ्याला वाटतं, काय कमी आहे इथं? तेच शेत मे महिन्यात बघा. उघडं, भेगाळलेलं, नांगरून ढेकळं वर काढलेलं. बांधावर शेतकरी उभा आहे आणि तो हिशेब करतो आहे. बियाण्याला इतके, खताला इतके, मजुरीला इतके. मागचं कर्ज इतकं, नवीन कोण देईल? कापूस दिसतो डिसेंबरात, पण कापसाचा हिशेब दिसतो मे-जूनमध्ये. पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ साली विदर्भात आले, आमच्या जिल्ह्यात वायफडलाही आले, ते जून संपता संपता, पेरणीच्या तोंडावर. त्याच दौऱ्यात सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. तिनं काय साधलं आणि काय नाही, यावर आमच्याकडे आजही पारावर भांडणं होतात. पण निदान पाहुणा हिशेबाच्या दिवसांत आला होता, एवढं श्रेय मी देतो.

हिवाळ्यात गाव पाहिलेली माणसं आराखडे करतात, तेव्हा त्यांत सावली नसते. बस थांब्याला छप्पर असतं ते पत्र्याचं. फूटपाथ असतो, झाड नसतं. २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी मोठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उतरली. बाहेरच्यांना नवल वाटलं असेल, चार झाडांसाठी एवढा गहजब? डिसेंबरात तो रस्ता झाडाविना फक्त थोडा ओका दिसतो. मे महिन्यात त्या रस्त्यावरून सायकल हाणणाऱ्याला प्रत्येक झाड म्हणजे एक धर्मशाळा असते. झाडाची किंमत ठरवणाऱ्या माणसानं ती ४५ अंशांत सायकलवर बसून ठरवावी, असा कायदा करायला हवा. निविदेतच तशी अट घाला. पाहा मग रस्ते कसे वळणं घेऊन झाडांना नमस्कार करत जातात ते!

"पण बघायला काय आहे हो मे महिन्यात?" साडूंचा पुढचा प्रश्न.

फुलं आहेत. हसू नका. पळस होळीच्या सुमाराला पेटून जातो, ते सोडा. पण एप्रिल-मे मध्ये बहावा फुलतो. सबंध झाडाला पान नाही आणि पिवळ्याजर्द घोसांच्या झुंबरांनी ते लगडलेलं. गुलमोहर पेटलेला. जिथं माणसाची जीभ टाळूला चिकटते तिथं ही झाडं वर्षातला सगळा थाट काढून बसतात. टोकियोच्या चेरीला निदान गार हवेची लाच द्यावी लागते. आमच्या बहाव्याला कुणी काही दिलेलं नाही.

आणि संत्र्याची गोष्ट तर याहून वरचढ. आर्वी, आष्टी, कारंजाकडे संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याला दोन बहार धरतात. थंडीच्या अखेरीला फुलतो तो आंबिया बहार, आणि पहिल्या पावसाला फुलतो तो मृग बहार. मृग बहार हवा असेल तर मे महिन्यात झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. त्याला म्हणतात ताण देणं. झाड सुकायला लागतं, पानं मलूल होतात, बघवत नाही. आणि मग जूनचा पाऊस पडला की त्या तहानलेल्या झाडावर पांढऱ्या फुलांचा असा वास सुटतो की बागेच्या वाटेनं जाणारा माणूस सायकलवरून उतरतो. आर्वीकडचे आमचे एक बागाईतदार स्नेही मला म्हणाले, "झाडाले तहान लागू द्या लागते भाऊ. पोट भरलेलं झाड नुसते पानं काढते, फुलत नाही."

म्हणजे तुम्ही डिसेंबरात येऊन आंबियाचं संत्रं सोलता ते ठीक आहे. पण हिवाळा संपता संपता जे संत्रं तुम्ही घरी बसून खाल्लंत, ते त्याच्या आधीच्या मे महिन्याच्या तहानेतून आलेलं असतं. त्या तहानेला बघायला कुणी यायचं नाही, आणि गोडीला मात्र सगळे हजर! अर्थात ताण वेगळा आणि दुष्काळ वेगळा, हेही त्याच स्नेह्यांनी मला शिकवलं. ताण देणाऱ्याच्या विहिरीत पाणी राखलेलं असतं. विहीरच आटली तर झाड फुलत नाही, वाळतं. मग टँकरनं पाणी विकत आणून बाग जगवायची. हा फरक कळायलासुद्धा मे महिन्यातच बागेत जावं लागतं.

आता विरोधकांचा मुख्य मुद्दा. उन्हानं माणूस मरतो. खरं आहे. उष्माघात ही थट्टेची गोष्ट नाही. ज्यांना पोटासाठी दुपारी बाहेर राहावंच लागतं, म्हणजे रस्त्यावर डांबर ओतणारे, रुळांवर काम करणारे गँगमन, वीटभट्टीवरचे मजूर, त्यांना विचारा. त्यांना योग्य ऋतू कोणता असं कुणी विचारत नाही. म्हणून तान्ही मुलं, गरोदर बाया, फार म्हातारे आणि हृदयाचे रोगी यांना मी या आमंत्रणातून वगळतो. बाकीच्यांनी यावं, आणि आम्ही जगतो तसं जगावं.

आम्ही जगतो कसं? उन्हाळ्यात वर्ध्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पाच वाजता हवा अशी असते की महाबळेश्वरनं कर्ज मागावं. तेव्हा सेवाग्रामची पहाटेची प्रार्थना गाठा. सहाला पांढऱ्या स्तूपावर कोवळं ऊन येतं. जपानचे फुजी गुरुजी १९३३ साली गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले, त्यांच्या शांतिस्तूपांच्या परंपरेतला हा स्तूप. त्यांचा जपानी मंत्र पुढं सेवाग्रामच्या प्रार्थनेत जाऊन बसला, तो आजतागायत. शेजारी गीताई मंदिर. त्याला छप्परच नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई कोरलेली, अठराच्या अठरा अध्याय. ही मंडळी आठच्या आत वाचून घ्यावी. नऊनंतर शिळा तापतात आणि कर्मयोगावरून थेट संन्यासयोगावर उडी मारावीशी वाटते.

साडेनऊला घरात. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर सुरू. हा कूलर म्हणजे विदर्भाचं कुलदैवत. गुढीपाडव्याच्या सुमाराला त्याला माळ्यावरून काढतात, न्हाऊ घालतात, नव्या ताट्या बसवतात. वाळ्याच्या ताट्या असतील तर सगळ्या घराला पहिल्या पावसाचा वास. मुंबईच्या माणसाला हे यंत्र कळत नाही, कारण मुंबईत ते चालत नाही. तिथली हवा आधीच ओली. ती आणखी पाणी पिणार कुठून? आमची हवा इतकी कोरडी, की ओल्या ताटीतून जाताना गटागटा पाणी पिते आणि गार होऊन आत येते. म्हणूनच मुंबईच्या ३४ अंशांत माणूस चिंब होतो आणि वर्ध्याच्या ४४ अंशांत सावलीतला माणूस कोरडा ठणठणीत राहून पत्ते खेळू शकतो. गांधीजी डोक्यावर ओलं फडकं ठेवून काम करत, ते दुसरं काय होतं? बिनविजेचा कूलर! जूनमध्ये मात्र हवा ओलावली की हे दैवत फितूर होतं, म्हणून मी मे म्हणतो, जून म्हणत नाही.

दुपारी जेवण, कैरीचं पन्हं, झोप. बाहेर जावंच लागलं तर तोंडाला दुपट्टा गुंडाळून. त्या वेशात आमच्या गावातले सगळे लोक दरोडेखोरांसारखे दिसतात आणि उधारी मागणाऱ्याला कुणीच ओळखू येत नाही. खिशात कांदा ठेवण्याची आमच्या वडिलांची पद्धत होती. त्याचा उपयोग काय ते मला ठाऊक नाही, पण गर्दीत जागा लवकर मिळते. संध्याकाळी सातनंतर गाव जागं होतं. अंगणात पाणी शिंपडलं जातं, खाटा बाहेर येतात, बर्फगोळ्याच्या गाडीभोवती तीन पिढ्या उभ्या राहतात. रात्री गच्चीवर अंथरुणं पडतात. शेजारच्या गच्चीवरचे मास्तर तिकडून इतिहास सांगतात, आम्ही इकडून खोडतो. वर्षातला खरा शेजार आम्ही या दोन महिन्यांतच करतो. डिसेंबरात सगळे दारं लावून रजईत. पाहुण्याला वाटतं, काय शांत गाव आहे!

पावसाळ्याचे वकील मधूनच उठतात. त्यांचाही पुरावा जोरदार आहे. 'चले जाव'चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यालाच केला, १४ जुलै १९४२ रोजी. धाम नदी दुथडी, पवनारचा आश्रम हिरवागार, सगळं मान्य. पण आमची काळी माती पावसात बुटाला जी धरते ती सोडत नाही. पाहुणा येताना एका मापाचे पाय घेऊन येतो आणि जाताना हत्तीचे घेऊन जातो. एरवी माझं पावसाशी भांडण नाही.

तेव्हा साडूभाऊ, आणि सगळ्यांचेच साडूभाऊ, मे महिन्यात या. पंचवीस तारखेला नवतपा लागतो, तो नऊ दिवस असतो. धीर असेल तर त्यात या, नसेल तर जरा आधी या. सुती कपडे आणा, डोळ्यांवरचा काळा चष्मा आणा, फ्रीजमधलं नव्हे तर माठातलं पाणी प्या. स्टेशनवर रिक्षावाला तुम्हाला पाहून दचकेल आणि विचारील, "काऊन जी, एवढ्या उनाचे आले? घरी सारं बरं हाय ना?" त्याला सांगा, सगळं बरं आहे, गाव बघायला आलो. तो तुमच्याकडून भाडं घेईल, पण आपल्या बाटलीतलं पाणीही देईल. डिसेंबरातल्या पाहुण्याला तो फक्त भाडं सांगतो.

एकदा तसं येऊन जा. मग डिसेंबरात खुशाल या, दर वर्षी या, शाल पांघरून हुरडा खा आणि काय छान हवा आहे म्हणा. मी अवाक्षर बोलणार नाही, कारण त्या हवेची किंमत तुम्ही भरलेली असेल. मंत्र्यांना आणि आमदारांनाही हेच आमंत्रण आहे. त्यांच्यासाठी कूलरच्या ताट्या मी माझ्या खर्चानं बदलून देईन; पाणी मात्र त्यांनी यायच्या आधी नळाला सोडून ठेवावं.